डेरिव्हेटिव्ह आत नेलाच कसा?

शपथेवर सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे, मी तिथं हजर होतो... म्हणजे खोलीत नव्हतो, दाराबाहेर होतो, आणि दार बंद होतं, पण कान काय बंद होते का माझे? तर आमच्या वहिनी! शाळेत गणित शिकवतात, एम.एस्सी. अडकलेली, आणि तोंडी परीक्षेची ही शेवटची संधी! मागच्या खेपेला प्रश्न काय, तर एका वेड्यावाकड्या रेघेवरून इंटिग्रल, म्हणजे रेघभर बेरीज, घेऊन फंक्शन बनवलंय, छेदात रेघेवरचा बिंदू वजा आपला बिंदू, ते रेघेबाहेर सगळीकडे अ‍ॅनालिटिक आहे हे दाखवा. म्हणजे तिथं कुठंही त्याचा डेरिव्हेटिव्ह निघतो, एवढंच हो! वहिनींनी डेरिव्हेटिव्ह उचलला आणि सरळ इंटिग्रलच्या आत नेऊन ठेवला, म्हणजे बेरजेच्या आधीच काढला, तोही कारण न देता. परीक्षकांनी चष्मा खाली ओढला: "आत नेलात? कुणाला विचारून?" संपलं. नापास!

तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. बाहेरच्या खोलीत कपडे वाळत घालायची दोरी पसरलेली, ती रेघ; बाजूला कोटाचं बटण, तो बिंदू. मी नुसता पेपर घ्यायला निघालो की, "भावोजी, बटण दोरीवर ढकलाल! छेदात शून्य येईल!" दादा बिचारा भिंतीला पाठ घासत स्वयंपाकघर गाठायचा. मी म्हटलं, "वहिनी, न्या की गुपचूप आत, कोण बघतंय?" तर कडाडल्याच! "'कुणाला विचारून' म्हणणारा बसलाय ना तिथं! या वेळी उत्तर घेऊनच जाणार."

आणि गेल्या! तोच चष्मा, तोच प्रश्न. वहिनींनी खडू उचलला. "सर, बिंदू रेघेवर नाही, म्हणजे रेघेपासून काहीतरी अंतर आहेच. बिंदू हलवायचा तो त्याच्या निम्म्याहून कमी. मग छेद शून्याजवळ फिरकतच नाही."

"बरं... मग?"

"मग फंक्शन किती बदललं भागिले बिंदू किती हलवला, हा बाहेर काढलेला भागाकार, आणि आत नेलेला डेरिव्हेटिव्ह, यांतला फरक बघा. बिंदू जेवढा हलवला, त्याच्या एका ठरावीक पटीपेक्षा तो मोठा होऊच शकत नाही. हलवणं शून्याकडे, फरकही शून्याकडे!"

"म्हणजे आत नेलात? कुणाला विचारून?"

"अंतराला विचारून, सर!"

काय सांगू तुम्हाला! परीक्षक ताडकन उठले, टाळ्या काय, डोळ्यांत पाणी काय, "बाई, अशी सिद्धता जन्मात पाहिली नाही!"

...असं बघू नका हो माझ्याकडे. बरं, टाळ्या आणि पाणी माझ्या पदरचं. पास झाल्या हे मात्र खरं. परीक्षक नुसते "हं" म्हणाले, आणि जाताना फळा वहिनींनाच पुसायला लावला.