स्ट्राँगरूममधलं घर

(१९८४. रत्नागिरीजवळ मिरजोळे. उद्या उघडायच्या बँकेची मागची बाजू. बँकेचे आर्किटेक्ट सखाराम नेवरेकर आत स्ट्राँगरूममध्ये अडकलेले. बाहेर झरोक्यापाशी स्टुलावर उभी त्यांची पत्नी मथुरा, शेजारी शिपाई धोंडू.)

मथुरा : आहात ना आत? की झोपलात?

सखाराम : अगं, जाणार कुठे? भिंती मीच बांधल्यात. धोंडू, हिला कशाला त्रास दिलास?

धोंडू : मंग काय करू, साहेब? मॅनेजर नि कॅशियर दोघंय खेडास, किल्ल्या दोघांच्या खिशात. ट्रंककॉल लावला, जीप निघाली बोलतायत. तवर तुमच्या जेवणाचा काय? म्हणून वहिनींस आणला.

मथुरा : बरं केलंस. पण अडकलातच कसे तुम्ही?

सखाराम : नवा खटका नीट बसतो का, ते बघत होतो.

धोंडू : तेच बोल्ले, दार ओढ. मी ओढला.

मथुरा : मग, बसला?

सखाराम : झकास बसला!

मथुरा : कौतुक पुरे. घावनं आणलीत, पण या गजांतून हात जाईल तर शपथ.

सखाराम : जाऊ नये म्हणूनच घातलेत ते.

मथुरा : थांबा, गुंडाळून सरकवते. चटणी आतच माखलीय. धरलंत?

सखाराम : धरलं. वा! अजून गरम आहे.

मथुरा : सावकाश खा. जीप यायला अजून वेळ आहे. आणि खाता खाता माझं ऐका. एरवी तुम्ही कधी दापोलीला, कधी गुहागरला. घरात असलात तरी एक पाय एसटीत. आज बरे सापडलात.

सखाराम : मथुरा, धोंडू आहे तिथे.

धोंडू : मी नाय ऐकत, साहेब. बोला तुमी.

मथुरा : शिरगावला जागा घेतलीत, तेव्हा मी तिथल्या विहिरीकडेला कलमं लावली. त्यांचे आंबे खाऊन झाले आपले. घराचा पाया कुठाय?

सखाराम : घेतो की हातात. एवढी शाखा झाली की...

मथुरा : खेडच्या वेळी हेच म्हणालात. मग जगबुडीला पूर आला, अख्खा बाजार भिजला आणि तुमच्या बँकेच्या जोत्यावर पाणी चढलं नाही. झालं! जो तो बँकवाला तुमच्या दारात. मी पेढे वाटले, खोटं नाही सांगत, फार अभिमान वाटला. पण अख्ख्या जिल्ह्याच्या पैशाला घर दिलंत नि आपण अजून भाड्याच्या दोन खोल्यांत.

सखाराम : गणपतीत नकाशा काढला होता ना मी?

मथुरा : त्यात स्वयंपाकघराला काउंटर होता, वर जाळी. मी काय टोकन देऊन भात वाढू?

धोंडू : ह्या मातर मी ऐकला हां, वहिनी.

सखाराम : मथुरा, खरं सांगू? मला भीती वाटते.

मथुरा : अगबाई, दिवा गेला का आतला?

सखाराम : आतली नाही गं. घराची. बँक सोपी असते. कोणाला आत येऊ द्यायचं नाही, ते एकदा ठरलं की बाकीचं आपोआप सुचतं. तिथे चुकलं तर मॅनेजर कुरकुरतो, मी दुरुस्त करून देतो. घर चुकलं तर तू एक शब्द बोलणार नाहीस. निमूट राहशील त्यात जन्मभर. ते मला बघवायचं नाही.

मथुरा : निमूट? मी? इतकी वर्षं संसार कोणाशी केलात हो? रोज बोलेन. सकाळी चहाबरोबरच सुरू करेन.

सखाराम : नक्की?

मथुरा : देवाशपथ. पेन्सिल आहे ना खिशात?

सखाराम : ती असतेच. कागद नाही.

मथुरा : भिंत आहे की.

सखाराम : अगं, उद्या उद्घाटन! परवाच पांढरा रंग दिलाय.

मथुरा : मग छान उठून दिसेल. काढा. पुढे लांबरुंद पडवी. येईल त्याला आधी बसता आलं पाहिजे. गज नकोत.

सखाराम : पडवी... काढली. गज नाहीत. मग माजघर?

मथुरा : माजघरातून सरळ स्वयंपाकघर. तिथे विहिरीच्या बाजूला...

धोंडू : वहिनी, जीप आली! दोघंय उतरले.

मथुरा : त्यांना म्हणावं, आधी चहा घ्या. आमचं स्वयंपाकघर राहिलंय.

धोंडू : कसला चहा! धावतच आत गेले. थांबा, मी बघून येतंय... उघडला, वहिनी! दार उघडला!

मथुरा : सुटले एकदाचे. चल, डबा घे तो. आता उद्या उद्घाटन, परवा परत एसटी. राहिलं आमचं.

धोंडू : पण साहेब भायेर येत नायत. मॅनेजरांस बोल्ले, जरा थांबा.

सखाराम : मथुरा! तू आत ये. विहिरीकडची खिडकी कुठे हवी, ते इथे उभी राहून दाखव मला.

धोंडू : आत जाताव? नि दार परत बसला तर?

मथुरा : तुझी चप्पल लाव दाराला... अहो, केवढीशी काढलीत ही! खिडकी आहे की झरोका? द्या ती पेन्सिल इकडे.