हात लावण्याआधी

हे मी कॉलेजात कुणाला सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका. आमच्या मेडिकलला आता विद्यार्थ्यांनी पेशंट तपासून दाखवायचा आणि आम्ही शिक्षकांनी यादीवर खुणा करायच्या. यादीत पहिलंच लिहिलंय, हात लावण्याआधी पेशंटला विचारलं का? परवा कळवणच्या एका आजींपाशी माझी विद्यार्थिनी आधी नाव सांगत, मग तळवे चोळून गरम करत बसली. मी वैतागलो. "सरक, असं तपासतात," म्हणत आजींचं पोट थेट दाबलं. आजी कळवळल्या आणि तिला म्हणाल्या, "पोरी, याला अजून शिकवलं नाय का गं तू?"

ती हळूच म्हणाली, "आता विचारतील ते, आजी."

मी विचारलं. मान खाली घालून.