ऐकणारीचं नाव

वालूर नावाचं गाव, तिथं राहते एक म्हातारी आणि तिची नात. म्हातारी म्हणजे मी, नात म्हणजे आमची शीतल. शीतल मोबाईलवर पुस्तकांबद्दल लिहिते. तसं लिहिणाऱ्यांची यंदा एक स्पर्धा होती. दर महिन्याला ते एक विषय देणार, कधी प्रवास, कधी भूत, आणि आपण त्यावरचं पुस्तक वाचायचं. शीतल मोठ्यानं वाचायची, मी डाळ निवडत ऐकायची. बारा पुस्तकं झाली तशी मी म्हटलं, "माझंबी नाव टाक."

तिनं 'आजीनं ऐकून' असं लिहून टाकलं, तर स्पर्धावाल्या मॅडमचाच फोन आला. "आजी, तुम्ही नुसतं ऐकलंत. ते वाचन धरत नाहीत. नाव काढावं लागेल."

"बाई, आमच्याकडं पोथी एकजण वाचतो, पारायण समद्या गावाचं होतं. ऐकणाऱ्याला कुणी उठवून लावत न्हाई."

"पण लक्षात तरी राहिलं का काही?"

"इचारा की."

त्यांनी भुताच्या पुस्तकातली विहीर विचारली. मी विहीर सांगितली, तिच्यात कोण पडलं, कुणी ढकललं तेबी सांगितलं. ढकलणाऱ्याच्या बायकोपर्यंत आले तेव्हा मॅडम हळूच म्हणाल्या, "आजी, पुढचं नका सांगू. माझं अर्धं वाचायचं राहिलंय."

"मग नाव कुणाचं काढायचं?"

दोघींची नावं राहिली. बक्षीस म्हणून पुस्तकांचं खोकं घरी आलं. मोबाईलनं पोरगी बिघडली म्हणणारा माझा पोरगा, शीतलचा बाप, स्वतः भिंतीला फळी ठोकायला लागला.

मी म्हटलं, "फळी जरा लांब घे. पुढल्या सालीबी खोकं यायचंय."