तिसऱ्या पायरीवर राहिलेलं बोलणं

मागं जे उभे आहेत त्यांनी पुढं या. इथं खुर्च्या रिकाम्या आहेत.

खुर्च्या म्हणतो आणि जीभ अडखळते. या बास्केटबॉल कोर्टवर आपल्या कोच बोरकुटे सरांनी कधी खुर्ची ठेवू दिली नाही. चपलेनं कुणी रेघ ओलांडली की शिट्टी वाजायची, मग तो प्राचार्य असो का मी. आज अख्ख्या कोर्टभर मांडवाच्या खुर्च्या आहेत, आपण सगळे चपला घालून बसलो आहोत, आणि शिट्टी वाजत नाही. सर जाऊन पाच दिवस झाले. मी अजून वाट पाहतो आहे की ती वाजेल.

वहिनी, प्राचार्य साहेब, टीमच्या पोरींनो, आणि बाहेरगावाहून आलेल्या मंडळींनो. जे मला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. मी नाना राऊत. कॉलेजच्या या मागच्या भिंतीला लागून माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. शेतातल्या पंपाच्या जळालेल्या मोटारी माझ्याकडे येतात, मी त्यांचं तांब्याचं गुंडाळं नवीन भरून देतो. राहायला आता शहराच्या टोकाला, बेसाला गेलो, दुकान मात्र इथंच. प्रॅक्टिस संपली की सर भिंतीला वळसा घालून माझ्याकडे चहाला यायचे. रोज. पंधरा-सोळा वर्षं तरी झाली असतील. मला भाषण येत नाही. पण माझ्याकडे सरांचं एक काम राहिलं आहे, म्हणून उभा आहे.

आधी माझी चूक सांगतो. ती सांगितल्याशिवाय पुढचं बोलता येणार नाही.

माझे कान चांगले आहेत. धंदाच कानाचा. मोटर चालू करा, मी डोळे मिटून सांगतो बेअरिंग गेलं का शाफ्ट घासतो. मंगळवारी संध्याकाळी सर माझ्यासमोर स्टुलावर बसले आणि दर तीन शब्दांनी थांबत होते. दम घेत होते. मी ऐकलं. विचारलंसुद्धा, "सर, काहून असे धापा टाकून राहिले?" तर म्हणाले, "अॅसिडिटी आहे गा नानाभाऊ. काल सावजीचं तिखट खाल्लं." आणि मी काय केलं? जिरं-सोडा मागवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर दूध घ्यायला उठले आणि वहिनींच्या डोळ्यांसमोर दारातच खाली बसले. रामदासपेठेतल्या दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. मी नऊला दुकान उघडलं, भिंतीपलीकडं शांत. मला वाटलं, सुट्टी असेल.

एखादी मोटर तशी बोलली असती ना, तर मी तिला एक मिनिट चालू राहू दिलं नसतं. हा माणूस समोर बसून बोलत होता, आणि मी सोडा पाजला.

वहिनी, मला माफ करा. तुम्ही काही बोलू नका. फक्त ऐका.

आता दुसरी गोष्ट. सरांच्या पोरींना ठाऊक आहे, बाकीच्यांना सांगतो. सरांचा एक नेम होता. पोरीचं चांगलं जे काही असेल ते सगळ्यांसमोर, नाव घेऊन, मोठ्यानं सांगायचं. आणि जे कमी असेल ते तिला एकटीला, त्या तिकडच्या पायऱ्यांपैकी तिसऱ्या पायरीवर बसवून, हळू आवाजात. पोरी एकमेकींना विचारायच्या, "आज पायरी कोणाची?" घाबरायच्या, पण पायरीवरून उठणारी पोरगी रडत गेली असं मी कधी ऐकलं नाही. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू येतं.

दुसरा नेम प्रॅक्टिस संपवायचा. सगळ्यांनी मधल्या गोलावर उभं राहायचं. गप्प. हलायचं नाही. पॉइंट गार्ड मोठ्यानं "चला" म्हणेल, तेव्हाच प्रॅक्टिस संपली. सर स्वतःसुद्धा तोवर हलायचे नाहीत.

पॉइंट गार्ड म्हणजे काय, हे मी सरांना विचारलं होतं. ते म्हणाले, "नानाभाऊ, तुमच्या पंपाला स्टार्टर असते ना, ती. मोटर कितीही दमदार असू द्या, स्टार्टरनं पकडलं नाही तर पाणी नाही. बॉल पहिले हिच्या हातात येते, मग बाकीच्या चौघी पळतात."

या वर्षी ती जागा सरांनी फर्स्ट इयरच्या पोरीला दिली. मयुरीला. नरखेड तालुक्यातली आहे. बसली आहे तिथं, शेवटच्या रांगेत, तिच्या काकांच्या बाजूला. मयुरी, खाली पाहिलंस तरी चालेल. कान उघडे ठेव, बस.

मंगळवारी प्रॅक्टिस संपताना सगळ्या गोलावर उभ्या राहिल्या. मयुरी "चला" म्हणत नाही. ती टाळी वाजवते. तीन महिने टाळीच वाजवत आली, आणि सर टाळी चालवून घेत आले. त्या दिवशी नाही घेतली. मी भिंतीपलीकडून ऐकलं. सर म्हणाले, "टाळी नाही. तोंडानं." पुन्हा म्हणाले, "तोंडानं, मयुरी." तिची पुन्हा टाळी. आणि मग सर ओरडले. सगळ्यांसमोर. "तोंड शिवून आली का घरून?"

सरांनी आपला नेम मोडला. मी त्यांना असं कधी ऐकलं नव्हतं. नंतर पळत गेलेल्या बुटांचा आवाज आला, आणि गेट आपटल्याचा.

ती पळाली. सकाळी सर गेले. म्हणजे त्या पोरीच्या कानात सरांचं शेवटचं वाक्य कोणतं राहिलं, विचार करा.

काल एक गृहस्थ माझ्या दुकानावर आले, कॉलेजचं गेट विचारत. दोन वाक्यांत मी ओळखलं, हे नरखेडकडचे. म्हटलं, बसा, चहा घ्या. ते मयुरीचे काका निघाले. म्हणाले, "पोरगी फोनवर रडून राहिली जी. म्हणते, मले इथं राहाचंच नाही. माह्यामुळंच सर गेले म्हणते. उद्याची सभा झाली का यष्टीनं घेऊन जातो." बॅग भरलेली आहे. आत्ताही ती बॅग त्यांच्या पायाशी आहे, मला इथून दिसते.

काका, तुमची पोरगी आहे, न्यायची असेल तर न्या. पण पूर्ण ऐकून न्या. कारण सरांचं ते शेवटचं वाक्य नव्हतं. त्यानंतर ते अर्धा तास बोलले. माझ्याजवळ. आणि तिच्याबद्दलच बोलले.

स्टुलावर बसल्या बसल्या म्हणाले, "चुकलो आज. पायरीवरचं गोलावर बोललो." मग उठले. म्हणाले, "होस्टेलवर जाऊन येतो, तिले सांगून येतो." आणि मी, हा शहाणा नाना, हात धरून खाली बसवलं. म्हटलं, "सर, बसा. चेहरा पाहा आरशात. उद्या सांगा, उद्या काय पळून चालली का ती?"

उद्या. मी म्हटलं, उद्या.

म्हणून आता मी सांगणार. सरांच्या पद्धतीनं चांगलं सगळ्यांसमोर. आणि जे कमी आहे ते खरं तर पायरीवर सांगायचं. पण पायरीवर बसणारा राहिला नाही, आणि तुझी बस दोन तासांत आहे. म्हणून तेही इथंच सांगतो. मयुरी, तू मला माफ कर, सर मला समजून घेतील.

सर म्हणाले, "हिच्या गावच्या शाळेत एकच रिंग, आणि खाली माती. मातीत बॉल वर येत नाही, म्हणून पोरगी वाकून, जमिनीला चिकटून बॉल नेते. शहरातल्या पोरींना वर्षभर शिकवून जे येत नाही ते ही मातीतून घेऊन आली. हिच्या हातून बॉल काढायला गेली ती स्वतःच पडते."

मला ते पटलं, कारण मी ते ऐकतो. बाकीच्या पोरींचा बॉल धप-धप वाजतो. हिचा टप-टप-टप, जवळजवळ. भिंतीपलीकडून मी सांगू शकतो, बॉल आता मयुरीकडे आला.

सर म्हणाले, "अंगावर दोघी धावून आल्या की नवीन पोरगी घाबरून बॉल फेकून देते. ही उलट हळू होते. जणू तिला घाईच नाही." म्हणाले, "पास देते तो धरणारीच्या छातीवर येतो. तिला हात हलवावा लागत नाही. दुसऱ्याला सोपं करून देणं शिकवता येत नाही, नानाभाऊ. ते घरून यावं लागते." काका, हे तुमच्या घराबद्दल बोलले ते.

आता कमी काय. डावा हात. सर म्हणाले, डावीकडं जायची वेळ आली की वळसा घालून पुन्हा उजवीकडं येते, दोन मॅचनंतर समोरचे ओळखतील. हे मीसुद्धा सांगितलं असतं. डाव्या हातानं टप-टप बिघडतं, मधला एक ठोका उशिरा पडतो. दुसरं, रिंग समोर मोकळी असताना पास देते. सर म्हणाले, "पोरी, कधीतरी स्वतःही टाक. चुकला तर चुकला." तिसरं, समोरच्या टीमची पोरगी पुढं निघून गेली की हिचा पाय अर्धं पाऊल उशिरा पडतो. सर म्हणाले, ते सहा महिन्यांचं काम आहे, चिंता नाही.

मग थांबले. दम घेतला. मी ऐकलं, हे सांगितलं तुम्हाला.

म्हणाले, "मोठी गोष्ट एकच. आवाज. गार्ड बोलली नाही तर टीम आंधळी. हिले सगळं दिसते, पण सांगत नाही. आणि सांगत काहून नाही ते मले माहीत आहे."

मलाही माहीत होतं. पहिल्या आठवड्यात ही कोर्टवर ओरडली होती, "मले दे, मले दे." आणि ते गावाकडचं "मले" ऐकून हशा पिकला. दुसऱ्या दिवसापासून हाक ऐकू यायला लागली, "ए मले, बॉल टाक." "मले आली का गं?" पोरींनो, माना खाली घालू नका. मी नाव घेत नाही. तुम्ही दुष्ट नाही, गंमत होती. पण त्या दिवसापासून ही टाळी वाजवते.

मी नागपूरला आलो तेव्हा तिच्याएवढाच होतो. ज्या दुकानात शिकलो तिथं "काहून" म्हटलं की मालक बाकीच्यांना बोलवून पुन्हा म्हणायला लावायचा. दोन वर्षं मी तोंड उघडलं नाही. लोक म्हणतात, नानाचे कान काय तयार आहेत. कान त्या दोन वर्षांत तयार झाले, गप्प राहून. पण दुकान कानानं उभं नाही राहिलं, मयुरी. ज्या दिवशी गिऱ्हाइकाला मोठ्यानं म्हटलं, "तुमची मोटर जळली नाही जी, वायर तुटली आहे," त्या दिवशी माझं दुकान सुरू झालं. तोपर्यंत मी फक्त चांगलं ऐकणारा एक नोकर होतो.

हे मी सरांनाही सांगितलं त्या संध्याकाळी. ते हसले. त्यांचं शेवटचं हसणं मी पाहिलं असं आता म्हणावं लागतं, तेव्हा नुसतंच हसले होते. म्हणाले, "उद्या तिले पायरीवर बसवतो. सांगतो का पोरी, तू मले म्हण, तुले म्हण, कसंही म्हण, पण म्हण. रिंगले मराठी कळत नाही. आणि सांगतो का माझं चुकलं." कप खाली ठेवला. गेले.

एवढंच होतं. सरांचं राहिलेलं काम एवढंच होतं. त्यात कुठं रागावणं आहे? आणि मयुरी, माणूस तुझ्यामुळं गेला नाही. मी जो दम ऐकला तो आधीपासून लागलेला होता. हे ओझं कुणाचं असलंच तर माझं आहे. तू ते उचलू नकोस, तुझ्याकडे बॅग आहे ती पुरे.

आता उभं राहायचं आहे. अशा सभेत शेवटी मौन असतं, कुणीतरी घड्याळ पाहतो आणि सांगतो, झालं. आज घड्याळ नको.

टीमच्या पोरींनी मधल्या गोलावर या. मांडववाले, त्या चार खुर्च्या बाजूला घ्या. वहिनी, तुम्ही बसूनच राहा. बाकी सगळे उठा, आणि चपला काढा. हो, प्राचार्य साहेब, तुम्हीही.

मंगळवारची प्रॅक्टिस अजून संपलेली नाही. गोल तसाच सुटला होता. आपण तो पुरा करू. आपण सगळे गप्प उभे राहू, हलणार नाही. नेम माहीत आहे. गार्डनं सांगितल्याशिवाय संपत नाही. पाच मिनिटं लागली तर पाच, बस सुटली तर सुटली, मी काकांना माझ्या गाडीनं नरखेडला सोडून देईन. तुलाही सोडीन, जायचंच असेल तर.

पण टाळी चालणार नाही.

सर, मी माझं सांगितलं. ये वं पोरी, तुझी जागा मोकळी आहे. आम्ही उभे आहोत. तू म्हणशील तेव्हा.