माझ्या नावाच्या नऊ सह्या

मी मूळची सांगोल्याकडची. आमचे अण्णा शाळेत शिपाई होते, आणि घरात बी.ए. झालेली मी पहिली, त्याचं श्रेय अण्णांचं आणि आमच्या मराठीच्या बाईंचं, त्यांनी स्वतःची पुस्तकं मला दिली, ते मी विसरणार नाही. लग्न झालं, तिसऱ्या वर्षी मालक वारले, मूलबाळ नाही. मग चुलतभावाने तळोज्याला कंपनीत लावतो म्हणून इथे नावड्याला आणलं आणि पुढे तोच पुण्याला गेला. मी राहिले. ही एक खोली, ही मोरी.

काम औषधाच्या गोळ्यांच्या पॅकिंगचं, कंत्राटदाराकडून. बी.ए. होऊन खोके भरता का म्हणतात लोक, मी म्हणते भरते, कामाला कसली लाज. डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, अंगात झगा, चाळीस बायका एकसारख्या दिसतो, कोण आलं कोण नाही ते मस्टरवरच्या सहीवरून. माझ्या शेजारच्या टेबलाला द्वारकाताई. ती इथलीच, खाडीकाठच्या गावची आगरी, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी. पहिल्याच दिवशी म्हणाली, एकटी काय जेवतेस गो, सरक इकडं, आणि सुक्या जवळ्याची चटणी माझ्या भाकरीवर ठेवली. आमच्या घरात मासळी कधी शिरली नव्हती. पण काय करणार, खाल्ली. तिला अंगठा द्यावा लागायचा, म्हणून जेवणाच्या सुट्टीत खोक्याच्या पुठ्ठ्यावर मी तिला अक्षरं शिकवली. तिच्या नावातला द्व काही जमेना, मग आधी माझं नाव शिकली, सुमन. तुज नाव बरा हाय, म्हणायची, लगेच संपतो.

आता आजारपणाचं सांगते. आमच्यात समज असा की आजारी पडलं की नाव कापलं. एका पोरीला डेंग्यू झाला, बरी होऊन आली तर तिच्या जागी दुसरी उभी. मी मात्र गेटजवळच्या बोर्डावरचा कागद अख्खा वाचलेला, की आपल्या पगारातून विमा कापतात, विमा दवाखान्याच्या डॉक्टरने दाखला दिला की रजा मिळते, आणि त्या रजेत असताना कामावरून काढता येत नाही. बायका म्हणायच्या, वाचत बस तू.

मग मलाच कावीळ झाली. विम्याच्या इस्पितळात भरती केलं, नऊ दिवस. भरती होतानाच मी रजेचा अर्ज लिहून द्वारकाताईच्या हातात दिला, ऑफिसात दे म्हटलं. ती रोज संध्याकाळी पेज घेऊन यायची, माझे केस विंचरायची, आणि अर्ज दिलास का विचारलं की म्हणायची, तुज काम झाला, तू नीज. नर्सने विचारलं, आई आहे का तुमची, मी हो म्हटलं. काय सांगू तुम्हाला, खोटं बोलले पण बरं वाटलं.

सोडताना डॉक्टरांनी अजून तीन आठवडे विश्रांती लिहिली. दाखला घेऊन ऑफिसात गेले तर साहेबांनी मस्टर उघडून बोट ठेवलं. नऊ दिवस, नऊ सह्या, सुमन, सुमन. अर्ज म्हणाले आलाच नाही. बाई, तुम्ही इथे होतात की इस्पितळात ते लिहून द्या, इथे होतात तर दाखला फाडा आणि उद्या कामाला या, तिथे होतात तर सही कुणी ठोकली ते मी बघतो. एवढं म्हणून चहा प्यायला गेले.

बाहेर येऊन बघते तर गेटवर द्वारकाताई. माझा अर्ज तिच्या पिशवीत, घडीसुद्धा मोडलेली नाही. म्हणाली, दिला असता तर तुला काडलीच असती, म्हनून मीच दोगींचे खोके भरले. मी म्हटलं, अगं नियम आहे, काढता येत नाही. तर म्हणाली, नियम तुला वलखतो काय? मी वलखते. लिव ना, इथंच होती म्हनून. तू नुसती उबी रा, हात मी चालवीन.

माझे डोळे पिवळे, दोन पायऱ्या चढले तर धाप लागायची, उभी कशी राहणार होते. पण तेवढंच कारण नव्हतं, उगाच कशाला लपवू. मला वाटलं, एवढं शिकून खोटंच लिहायचं तर शिकले कशाला. परत आत जाऊन मी लिहिलं, मी इस्पितळात होते, या सह्या माझ्या नाहीत. तिचं नाव लिहिलं नाही, म्हणजे तिला वाचवली, अशी मनाची समजूत घातली आणि घरी येऊन पडले.

पुढचं मला बायकांनी मागाहून सांगितलं. दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळ्या बायकांना उभं करून विचारलं, तर ती मास्क काढून पुढे झाली, मीच केली, सुमनला ठाव पन नाय. त्याच दिवशी तिचं नाव कापलं. माझी रजा मंजूर झाली. कागदावर लिहिलं होतं तसंच झालं, तीन आठवड्यांनी गेले तर माझी जागा मला मिळाली, शेजारी मात्र नवी बाई.

तिच्या घरी गेले. ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. बस म्हणाली, चहा दिला, औषध चुकवू नको म्हणाली. निघाले तर पुन्हा ये म्हणाली नाही. मीही गेले नाही.

आता बायका आजारी पडल्या की माझ्याकडे येतात. अर्ज स्वतः द्यायचा, पोच घ्यायची, दाखला जपून ठेवायचा, मी सगळं सांगते, आणि कुणाचं नाव कापलं जात नाही. मला मॅडम म्हणतात. काम झालं की आपापल्या घोळक्यात जाऊन जेवतात.

हा ताप आला त्याला आज चौथा दिवस. रजा हक्काची आहे, दाखला आहे, कुणी काही बोलू शकत नाही. तुम्ही दवाखान्याकडून तापाचं विचारायला आलात म्हणून, नाहीतर चार दिवसांत या दाराची कडी वाजलेली नाही. द्वारकाताई आता कुठे कामाला जाते ते मला माहीत नाही. तिचे हातपाय धड राहोत, आणि पडलीच कधी, तर उशाशी कुणी असो.