दांड्यावरचा हात

डॉक्टर : राहू दे रुपराव, खाट नको काढूस. मी ओट्यावरच बसतो.

रुपराव : ओटा तापला आहे, साहेब. अन् प्रताप नगरापासून सावनेरपर्यंत एसटीनं काहून आले? हेरल्ड गाडी कुठी आहे?

डॉक्टर : गाडी श्रीधर मिस्त्रीकडे आहे. गिअरबॉक्स उघडून पडलीय. तेच सांगायला आलो.

रुपराव : मले? तुमी कामावरून काढल्याले दोन वर्षं झाले. तवापासून तिची चाबीही नाही पाह्यली मी.

डॉक्टर : म्हणूनच तुला सांगायचंय. तिसरा गिअर पुन्हा सुटायला लागला. चालता चालता दांडा आपोआप मागे येतो आणि गाडी न्यूट्रल. तुझ्या वेळेस व्हायचं, अगदी तसंच.

रुपराव : तवा तर सगळं नवीन टाकलं होतं म्हनते श्रीधर.

डॉक्टर : सगळं. बेअरिंग, गिअर, आणि आत गिअर सरकवणारा तो चिमट्यासारखा फोर्कही. जुना फोर्क त्याने माझ्या हातात दिला होता. एका बाजूने पार झिजलेला. म्हणाला, चालवणारा दांड्यावर हात ठेवून बसतो, त्या वजनाने फोर्क आत सारखा घासत राहतो. मी पुढे काही विचारलंच नाही. तिथून आलो आणि तुला काढलं.

रुपराव : दवाखान्याच्या दारात. पेशंट बसले होते.

डॉक्टर : हो. बसले होते.

रुपराव : मंग? आता काय झालं?

डॉक्टर : परवा त्याने नवा फोर्क काढून दाखवला. तीच बाजू, तसाच झिजलेला. तू गेल्यापासून माझ्याशिवाय कोणी ती गाडी चालवलेली नाही. श्रीधरने विचारलं, आता ड्रायव्हर कोण आहे. मी म्हणालो, नवीन ठेवलाय एक, त्याला समज देतो.

रुपराव : ठेवला आहे का कोनी?

डॉक्टर : नाही. कोणीच नाही. पुन्हा एकदा ड्रायव्हरवरच ढकललं मी, तेही नसलेल्या. गॅरेजमधून बाहेर पडलो तेव्हा माझीच मला शरम वाटली. खरं सांग, तुला ठाऊक होतं?

रुपराव : सकाळच्या व्हिजिटले गाडी तुमीच चालवत होते. मी बाजूले. रस्ताभर तुमचा डावा हात दांड्यावर राहे. एकदा म्हनलं मी, साहेब, हात काढा. तुमी म्हनले, गाडी माझी आहे का तुझी?

डॉक्टर : आठवतं. पण त्या दिवशी दवाखान्यात का गप्प राहिलास?

रुपराव : तेवढ्या लोकांसमोर तुमाले खोटं पाडलं असतं, तर कोनी मानलं असतं?

डॉक्टर : नसतं मानलं. आता काय करतोस?

रुपराव : जिनिंगमधी कापसाचे गठ्ठे उचलून राहिलो. ड्रायव्हरकीसाठी तीन ठिकानी गेलो होतो. तिघांनीही पहिले तुमाले फोन केला.

डॉक्टर : आणि मी तिघांनाही सांगितलं की तू बेफिकीर आहेस. आता एकेकाकडे जाऊन सांगतो, चूक माझी होती. श्रीधरलाही सांगतो. तू परत ये, रुपराव.

रुपराव : परत नाही येत, साहेब. तुमच्या बाजूले आता बसवनार नाही मले. त्या लोकांले सांगा, तेवढं बरं होईल. पन पहिले माझ्या मायले सांगा.

डॉक्टर : बायजाबाईंना?

रुपराव : दम्याची दवा घ्यायले आली होती ते, तवा तुमीच तिले म्हनले, तुझ्या पोरानं गाडी खराब केली. तुमी तिचा जीव वाचवला होता. तुमचा शब्द तिच्यासाठी पक्का.

(बायजाबाई चहा घेऊन बाहेर येते.)

बायजाबाई : घ्या साहेब, चाय घ्या. अजून राग आहे का याच्यावर? मी त्याले रोज सांगते, सोन्यासारखी नौकरी तू आपल्या हातानं घालवली.

डॉक्टर : बायजाबाई, बसा जरा. गाडी रुपरावने खराब केली नव्हती. मी केली. माझ्या चालवण्याने झालं ते. मी नीट पाहिलं नाही, विचारलं नाही, आणि नाव त्याचं घेतलं. तुमच्याजवळही घेतलं.

बायजाबाई : तुमी केली?

डॉक्टर : हो. मी केली.

बायजाबाई : मी लय बोलली हो त्याले. जेवाले बसला की बोलली. सोयरे आले, त्यांच्यासमोर बोलली.

डॉक्टर : त्याला कारण मी आहे. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

बायजाबाई : बोलली तर मीच ना, साहेब.

डॉक्टर : बायजाबाई...

बायजाबाई : घ्या, चाय थंडी होऊन राहिली. रुपराव, तू मले काहून नाही सांगतलं गा?

रुपराव : सांगतलं होतं, माय.