खोक्यातले कोरे बूट

माझ्यावर घरात कुणीच विश्वास ठेवला नाही बघा. धाकटा भाऊ सुऱ्या मस्कतला जाताना नवेकोरे बूट माझ्याकडं ठेवून गेला. "आक्का, एकदाबी न घातलेल्या असल्या बुटांस्नी डेडस्टॉक म्हणत्यात. पाय लावायचा न्हाय."

मी खोकं उघडलंसुद्धा नाही. दर दिवाळीला फोनवर म्हणायची, "ये की रं, घालून तरी जा." येतोय कुठला!

शेवटी कैक वर्षांनी आला, बूट चढवले, आणि उंबऱ्यातच सोलचा भुगा! आई माझ्यावरच घसरली, "धुतलंस व्हय गं?"

सुऱ्यासोबत आलेला त्याचा बूटवेडा दोस्त हसला, "न घालता ठेवलं की सोल आपसूक विरतोय, काकू."

मी उसळले, "ऐकलंस, आई? मग कुणी घालवलं बूट? इतकी वर्षं वाट बघायला लावणाऱ्या ह्या सुऱ्यानं!"